वाचणाऱ्याचा नारळ

पोते बाल्कांवावर, म्हणजे पुढच्या ओट्यावर, आपटले तेव्हा मी दाढी करत होतो. दणक्याने हात हलला आणि हनुवटीखाली कापले. फार नव्हे, तिळाएवढे. पण ती चुरचुर पुढचे दोन दिवस माझ्याबरोबर राहिली, म्हणून आधी तिचेच सांगतो. बाहेर येऊन पाहिले तर ट्रकवाल्या बाबलीचा ड्रायव्हर किरण पोत्याचे तोंड सोडायला वाकला होता. आत सोललेले नारळ, शेंड्यांसकट, गच्च भरलेले. ‘बाबलीशेटीन धाडल्यात,’ तो म्हणाला, आणि जाड प्लास्टिकच्या पाकिटातून एक जुना कागद काढून त्याने मेजावर ठेवला. पोर्तुगीजमधला कागद. त्याचे मराठी करायचे, खाली सही करायची, परवा सकाळी तो न्यायला येईल. रस्त्यावर जीप सुरूच होती आणि तिचा धूर खिडकीतून आत येत होता. साबण लावलेल्या अर्ध्या तोंडाने मी विचारले, शेट स्वतः का नाही आले. किरण नुसता हसला. त्यात त्याची चूक नव्हती, माझा प्रश्नच हसण्यासारखा होता. जीप गेली आणि मी त्या पोत्याकडे बघत उभा राहिलो. मला इतका राग आला की उरलेली अर्धी दाढी त्या दिवशी राहूनच गेली.

राग पोत्याचा होता. हे माझ्या बायकोला, पार्वतीला, शेवटपर्यंत पटले नाही. गणपतीची चवथ आठ दिवसांवर आलेली, बाजारात नारळाला हात लावू देत नाहीत, आणि दारात आलेले नारळ बघून हा माणूस तोंड वाकडे करतो, असे तिने मला दोनदा ऐकवले. पण आमच्याकडे कागद वाचणाऱ्याला एक नारळ देतात. एकच. पाटावर ठेवायचा आणि शेंडी वाचणाऱ्याकडे करायची. म्हणजे आम्हांला येत नाही, तुम्हांला येते, हा तुमचा मान. दोन ठेवले की ती मजुरी झाली. आणि वाचणाऱ्यानेही कागद वाचून झाला की ज्याचा त्याला तिथल्या तिथे परत द्यायचा. घरात ठेवून घ्यायचा नाही, नक्कल करायची नाही, दुसऱ्यापाशी त्याचा विषय काढायचा नाही. माझे वडील पेडण्याकडे कोरगावात मोडी कागद वाचत, त्यांनी मला हे शिकवले. एवढे शिकवून ते थांबले असते तरी चालले असते. त्यांनी बैलजोडी विकून मला पणजीला पोर्तुगीजांच्या मोठ्या शाळेत, लिसेवमध्ये घातले. थोरल्या भावाला, नारायणला, त्या वर्षी उसन्या बैलांनी शेत नांगरावे लागले. ते त्याने मला आजवर एकदाही बोलून दाखवले नाही, आणि तेच मला सलते. आज नारायणच्या मुलाच्या मोरजीला समुद्रालगत खोल्या आहेत. गोरे लोक तिथे सहा सहा महिने राहतात. त्याला धड इंग्रजी येत नाही आणि त्याचे काही अडत नाही. मला चार भाषा येतात आणि माझे सगळेच अडते.

एकसष्टच्या डिसेंबरात मी पणजीला एका कचेरीत कारकून होतो. गोवा सुटला, आम्ही रस्त्यावर येऊन एकमेकांच्या तोंडात साखर घातली, आणि त्या गोड तोंडानेच घरी येताना माझ्या लक्षात आले की ज्या भाषेची क्रियापदे मी सात वर्षे पाठ केली ती आता कुणालाच नको आहे. भाषा मेलेली मी पाहिली आहे. दोन दिवस लागतात. मग मी डिचोलीला आलो आणि मराठीचा मास्तर झालो, तेही आधी शिकून, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी पोरांबरोबर परीक्षेला बसून. गेल्या दोन वर्षांत कोकणी की मराठी म्हणून इथे रान पेटले, तेव्हा दोन्ही बाजूंची माझीच पोरे घरी येऊन विचारायची, मास्तर, तुम्ही कुणाकडे. मी म्हणे, ज्या भाषेत कागद असेल तिच्याकडे. ती हसायची, पण मी विनोद करत नव्हतो. यंदा मे महिन्यात गोवा राज्य झाले आणि त्याच महिन्यात मी निवृत्त झालो. शाळेच्या भिंतीवर मी स्वतः चुन्यात नीळ कालवून लिहिले होते की विद्या हे असे धन आहे की चोर ते नेऊ शकत नाही. निरोपाच्या दिवशी त्या भिंतीखाली मला खुर्ची दिली होती आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आले की चोर ते नेत नाही कारण चोराला ते नकोच असते. शाल घालायला बाबली होता. शाळेच्या कमिटीचा चेअरमन. हा सुर्ल्याचा बाबली नववीत दोनदा बसला आणि दोन्ही वेळा मी त्याला निम्मे वर्ष वर्गाबाहेर उभा केला. बाहेर उभा राहून तो सुर्ल्याकडून येणारे खनिजाचे ट्रक बघत असे. आता त्याचे स्वतःचे अकरा टिप्पर आहेत. भाषणात तो म्हणाला की मास्तरांनी मला बाहेर उभे केले नसते तर मी आज इथे नसतो. सगळे हसले. मीही हसलो, आणि घरी येऊन पार्वतीला म्हटले, ही शाल ट्रंकेच्या तळाशी टाक.

तर कागद. चष्मा पुसून तो मी उजेडाला धरला आणि दुसऱ्याच ओळीला थांबलो. अक्षर ओळखीचे होते. ती पुढे झुकलेली, शेपट्या ओढलेली लिपी, डाव्या कोपऱ्यात वाळवीने खाल्लेले अर्धगोल भोक. सुर्ल्याच्या एका भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, गावामागचा डोंगर कायमच्या भाडेपट्ट्याने दिल्याचा हा कागद, पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचा. चतुःसीमा, झाडे, दगड, साक्षीदारांची नावे. आणि अगदी तळाशी, पट्टेदाराने डोंगर हवा तसा वापरावा, या अटीवर की. तिथे पान संपत होते. पाकीट मी उलटे करून झटकले. दुसरे पान नव्हते. पण ते होते. मी ते वाचले होते, तेरा वर्षांपूर्वी, चौऱ्याहत्तर साली, सुर्ल्याला सखारामच्या अंगणात. सखाराम खाणीवर माती उपसायला जाई. त्याच्या बापजाद्यांनी हा कागद बांबूच्या नळीत घालून आढ्याला टांगला होता. गावात कुणालाच त्यात काय आहे ते माहीत नव्हते, पण तो आपला आहे एवढे माहीत होते. त्याने मला बोलावून नेले, पाट मांडला, नारळ ठेवला, शेंडी माझ्याकडे केली. मी वाचू लागलो. एक ओळ पोर्तुगीज, मग तिचे त्यांच्या बोलीत. दुसऱ्या पानावर ती अट होती. डोंगराच्या पायथ्याची झर, म्हणजे गावाचा पाण्याचा झरा, आणि झरीची वाट. मला आठवतो तो माझा संताप. मी जीव तोडून वाचत होतो आणि ऐकत कुणीच नव्हते. दोन म्हातारे पेंगत होते, एक मूल रडत होते, सखारामची बायको लक्ष्मी माझ्या आवाजावर केरसुणीचा आवाज करत अंगण झाडत होती, आणि आणखी चार बायका सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत होत्या. मी मनात म्हटले, गाढवांपुढे गीता. कागद परत केला, नारळ पिशवीत टाकला आणि बस पकडली.

दुपारी मी बाजारातल्या बाबलीच्या ऑफिसात गेलो. अर्धी दाढी वाढलेली, हनुवटीवर रक्ताचा सुकलेला ठिपका. बाबली उठून उभा राहिला, हे सांगितले पाहिजे. तो मला पाहून नेहमी उठतो. पंखा माझ्याकडे वळवला, सोडा मागवला. पावसाचे दिवस म्हणजे खाणी बंद, ट्रक बंद, त्यामुळे तो निवांत होता. मी विचारले, दुसरे पान कुठे आहे. तो म्हणाला, सखाराम जिवंत असताना हा कागद त्याच्याकडे ठेवायला देऊन गेला होता, त्याच्या खुर्चीमागे लोखंडी कपाट होते त्यात, आणि दिला तेव्हा हे एकच पान होते. कपाट हिरव्या रंगाचे, दोन किल्ल्यांचे, वर गणपतीचा फोटो. डोंगराचा पट्टा त्याने यंदा पट्टेदाराच्या नातवंडांकडून घेतला आहे. पाऊस संपून खाणी सुरू व्हायच्या आत तिथे टाकाऊ माती टाकायची परवानगी हवी. अर्जाला हा कागद जोडायचा, आणि पोर्तुगीज कागदाच्या भाषांतरावर कचेरीत चालते ती या तालुक्यात फक्त माझी सही. माती कुठे टाकणार, मी विचारले. डोंगराच्या पायथ्याला, तो म्हणाला, सखल आहे तिथे. सखल आहे तिथे झर आहे, मी म्हणालो. आता घरोघर नळ येणार मास्तर, तो म्हणाला, राज्य झाले आपले. हे त्याने अगदी प्रेमाने सांगितले. मग त्याने टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि हळू आवाजात म्हणाला, ‘मास्तर, पानार आसा तितलेंच बरयात. चड ना, उणें ना. फट मारात म्हूण हांव सांगना.’ खोटे लिहा असे तो सांगत नव्हता. आयुष्यभर मी पोरांना हेच सांगत आलो होतो, पुस्तकात आहे तेवढेच लिहा. जिना उतरताना तो पाठीमागून म्हणाला की योगिताबाईंना कायम करायचा विषय येत्या गुरुवारी कमिटीपुढे आहे आणि मी काळजी करू नये. धमकी नव्हती ती. धमकी असती तर मला सोपे गेले असते.

योगिता माझी एकुलती एक मुलगी. एम.एस्सी. केले, बी.एड. केले, आणि तीन वर्षे आमच्याच शाळेत तात्पुरती म्हणून विज्ञान शिकवते. दर जूनला नवे पत्र, दर एप्रिलला कोरडा नमस्कार. तिन्हीसांजेला ती वह्या तपासत बसली होती, तिला मी सगळे सांगितले. वाटले होते ती चिडेल. ती चिडली, पण माझ्यावर. पान नाही तर नाही, ती म्हणाली, ज्याचा पुरावा नाही त्याच्यावर सही कशी करणार. आहे त्याचे भाषांतर खरेच असेल, प्रयोगात दिसते तेवढेच मुले लिहितात. मी म्हटले, मी ते डोळ्यांनी वाचले आहे. मग नक्कल का नाही करून ठेवलीत, ती म्हणाली. मी नारळाचे सांगू लागलो, आपली रीत, वडिलांचा शब्द. तिने लाल पेन खाली ठेवले. ‘बाबा, तुमच्या शिक्षणाक एक नाल्ल पुरता. म्हज्या शिक्षणाक पगार जाय.’ नारळ मला पुरतो, तिला पगार हवा, एवढे बोलून ती आत गेली. तिचे एकही वाक्य मला खोडता आले नाही, आणि वादात हरल्यावर येतो तो राग सर्वांत घाण असतो. कुणी सांगितली होती ती रीत? उपाशी राहून मान घेणाऱ्यांनी. बैल विकून शब्द विकत घेणाऱ्या माझ्या बापाने. एक नक्कल, फुलस्केपच्या दोन पानांची, अर्ध्या तासाचे काम. ते मी केले नाही कारण मला वाटले की तसे करणे हलके दिसेल. माझ्या विद्येला सोवळे होते. सोवळे नेसून ती कोपऱ्यात बसली आणि कागद कपाटवाल्याच्या घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण करून मी भाषांतराला बसलो. का बसलो ते प्रामाणिकपणे सांगायचे तर योगितासाठी. हात चालू लागला तसे मला बरे वाटू लागले, हे तर त्याहून वाईट. चतुःसीमा, झाडे, दगड. मेलेली भाषा माझ्या बोटांतून उठून मराठीत येत होती आणि एखादा अवघड शब्द नेमका सापडला की मी स्वतःशीच मान डोलावत होतो. सव्वीस वर्षांत ही भाषा मला क्वचितच कुणी विचारली होती. आता विचारली तर डोंगर गिळायला विचारली. तासाभरात मी तळाच्या ओळीवर आलो. पट्टेदाराने डोंगर हवा तसा वापरावा. इथे पूर्णविराम दिला की झाले. ‘या अटीवर की’ हे तीन शब्द अर्धवटच होते, त्यांना अर्थ नव्हता, कुठल्याही साहेबाने ते सोडून दिले असते. पेनाचे टोक कागदावर टेकले. शाईचा ठिपका पसरू लागला. आत पार्वती त्या पोत्यातला एक नारळ खोवायला घेऊन बसली होती, आणि खोवणीचा तो खर्र खर्र आवाज मला सहन होईना. मी ओरडलो, बाबलीचा नारळ या घरात शिजणार नाही. तीस वर्षांत मी तिच्यावर असा ओरडलो नव्हतो. तिने अर्धा खोवलेला नारळ शांतपणे पोत्यात परत टाकला, पोत्याचे तोंड बांधले, आणि पदराला हात पुसत म्हणाली की वाचलेले ज्यांच्यासाठी वाचले त्यांना तरी जाऊन विचारा. मला हसू आले. काय विचारू त्यांना? पेंगणाऱ्या म्हाताऱ्यांना? खडे निवडणाऱ्या बायकांना? पण घरात बसण्यापेक्षा बरे म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी, किरण यायच्या आधी, मी दोन्ही कागद पिशवीत घालून बाहेर पडलो. स्टँडवर एक नारळ विकत घेतला. मृताच्या घरी इतक्या वर्षांनी जायचे तर रिकाम्या हाताने कसे जायचे, एवढाच विचार होता.

सुर्ल्याच्या रस्त्याला पावसाने लाल चिखल झाला होता आणि दोन्ही कडेला टिप्पर रांगेने उभे होते, पावसाळी सुट्टीवर, ताडपत्र्या बांधून. बसमध्ये माझ्या शेजारी एक माणूस त्यांच्या किमती सांगत होता, कुठल्या ट्रकचे कर्ज फिटले, कुठल्याचे नाही. माझ्या वर्गातली किती पोरे त्या ट्रकांवर होती ते मला ठाऊक होते. ती मूर्ख नव्हती. घरच्यांनी आठवीतून उचलून स्टेअरिंगवर बसवलेली; घरात पहिल्या वर्षी सिमेंटचा कोबा आला, दुसऱ्या वर्षी टीव्ही. मी त्यांच्या बापांशी भांडायला जाई आणि बाप मला त्याच कोब्यावर बसवून चहा देत. कोबा गार असे. त्यावर बसून शिक्षणाचे महत्त्व सांगताना जीभ जड होते, हे कुणी भिंतीवर लिहीत नाही. डोंगर आधीच अर्धा कापलेला दिसत होता. त्याच्या पायथ्याला मात्र हिरवे तसेच होते, आणि त्या हिरव्यात कुठेतरी ती झर.

लक्ष्मी बाल्कांवावर फुलवाती वळत बसली होती. केस पिकलेले, समोरचे दोन दात गेलेले. तिने मला ओळखले, मला तिला ओळखायला वेळ लागला. सखाराम चार वर्षांपूर्वी छातीत धूळ साचून गेला, असे तिने सांगितले, जसे कुणी तापाने गेला सांगावे तसे. मी कागदाचे विचारले. कागद बाबलीकडे आहे, ती म्हणाली, दोन्ही पाने, सखारामने रुमालात बांधून स्वतः नेऊन दिली. मी विचारले, का, कुणी सांगितले त्याला बाबलीकडे द्यायला. माझा आवाज चढला होता. तिने वात बाजूला ठेवली आणि माझ्याकडे नवलाने पाहिले. ‘मास्तर, तुमीच सांगिल्लें न्हय? वाळय खातली, लोखणाच्या कपाटांत दवर म्हूण?’

मी सांगितले होते. तिने म्हणताच ते आठवले, जसेच्या तसे. कागद परत देताना ते वाळवीचे भोक मला दिसले होते आणि मी मोठ्या शहाणपणाने म्हटले होते की बांबूत ठेवू नका, कुणाकडे लोखंडी कपाट असेल तिथे ठेवा. सुर्ल्यात तेव्हा कुणाकडे लोखंडी कपाट होते? ज्याच्याकडे ट्रक होता त्या बाबलीकडे. वाळवीने साठेक वर्षांत रुपयाएवढे भोक पाडले. मी एका वाक्यात अख्खे पान घालवले. तोवर मला बाबलीचा राग होता, बापाचा, योगिताचा, गाढवांचा. आता तो सगळा फिरून माझ्यावर आला. मीच पोरांना शिकवत होतो की धनापेक्षा विद्या मोठी, आणि कागद जपायची वेळ आली तेव्हा बोट दाखवले ते कपाटाकडे. मी लक्ष्मीला सांगितले की दुसरे पान गेले. त्यात लिहिले होते ते गेले. माझ्या एकट्याच्या आठवणीला कचेरीत कोण विचारतो. ती ऐकत होती, मग म्हणाली, कसे गेले? त्यात होते ते आम्हांला येते ना. मी मान हलवली, म्हटले, बाई, काय येते तुम्हांला. तिने पदर सारखा केला, डोळे मिटले, आणि शाळेत कविता म्हणतात तशा एका सुरात म्हणू लागली.

‘झर गांवची. झरीची वाट गांवची. दोंगर कोणाचोय जांव, उदकाक येवपी पांयांक ताणें आडावंचें न्हय. झर बुजोवंची न्हय, विकची न्हय. सुर्य-चंद्र आसा मेरेन.’

माझ्या हनुवटीवरची चुरचुर अचानक थांबल्यासारखी वाटली, किंवा मी ती विसरलो. ते दुसरे पान होते. डोंगर कुणाचाही होवो, पाण्याला येणाऱ्या पायांना अडवायचे नाही, झर बुजवायची नाही, विकायची नाही; एक अट इकडची तिकडे नाही. आणि शेवटचे, सूर्य-चंद्र असेपर्यंत, हे कागदात नव्हते; कागदात नुसते ‘कायमचे’ असे होते. सूर्य-चंद्र मी घातले होते, ऐकणाऱ्यांना जाग यावी म्हणून, रागाच्या भरात. माझ्या रागासकट त्यांनी ते ठेवले होते. मी विचारले, हे तुला कसे. ती म्हणाली, तिलाच असे नाही. दर वर्षी चवथीच्या आधी बायका झर उपसतात, शेवाळ काढतात, दगड घासतात, आणि शेवटी नारळ फोडताना हे म्हणतात, कागदातले म्हणून. मास्तर वाचून गेले त्या वर्षापासून. सासूला जमले नाही तर सुनेने म्हणायचे. तेव्हा तर तू झाडत होतीस, मी म्हणालो, आणि हे मी तक्रारीने म्हणालो. ती हसली. झाडताना कान झाकतात की काय, म्हणाली.

मग मी मास्तर झालो. ते मला येते. मी म्हटले, बाकीच्यांना बोलाव, पण एकेकीला, एकमेकींचे ऐकू जाणार नाही असे. पाच जणी आल्या. एक म्हातारी, दोन माझ्या वयाच्या, एक पोटुशी, आणि एक यंदाच मालवणाकडून लग्न होऊन आलेली, तिला कोकणीही धड येत नव्हती. परसात फणसाखाली उभे करून एकेकीची तोंडी घेतली. पाचही जणींनी तेच म्हटले. मालवणची पोर, चवथीसाठी सासूने पढवलेली, ‘विकची न्हय’ला अडली, लाजली, आणि मग आठवून पुरे केले. चोवीस वर्षांत माझ्या कुठल्याही वर्गाचा असा निकाल लागला नव्हता. आणि यांतल्या एकीलाही मी कधी फळ्यासमोर बसवले नव्हते, यांच्या बापांशी तर भांडायलाही गेलो नव्हतो. भांडायचो ते मुलांसाठी. तिथे उभ्या उभ्या मला माझ्या सगळ्या विद्वत्तेची लाज वाटली, आणि लाजेच्या खाली, खोटे का सांगा, थोडा आनंदही होता.

मी पायरीवर बसून मांडीवर भाषांतर पसरले. पूर्णविरामासाठी टेकलेल्या पेनाचा ठिपका तिथे होताच. त्याच्यापुढे मी लिहिले, या अटीवर की. मग खाली स्वच्छ अक्षरात लिहिले की मूळ कागदाचे दुसरे पान माझ्यापुढे आणलेले नाही. ते मी सन १९७४ मध्ये सुर्ला येथे वाचले आहे. त्यातली अट या गावच्या सहा बायका तोंडपाठ म्हणतात ती अशी. ती लिहिली. सूर्य-चंद्र हे शब्द कागदातले नसून माझे आहेत, हेही लिहिले, कारण पानावर होते तेवढेच लिहायचे. दोन्ही पाने लोखंडी कपाटात कुणाच्या सांगण्यावरून गेली तेही लिहिले. बाबलीचे नाव लिहिले आणि माझेही. त्याखाली सही केली. लक्ष्मीने चुलीवरचे काजळ तेलात कालवून आणले आणि सहा अंगठे उठले. कचेरीत हे मानतील की फेकतील ते मला माहीत नव्हते, अजून माहीत नाही. एक मात्र पक्के की अर्ध्या कागदावर माझी सही कुणाला मिळणार नाही, आणि बाबलीला या तालुक्यात दुसरी सही नाही. नक्कल मी तिथेच बसून केली. लक्ष्मीला म्हटले ही तुझ्याकडे ठेव, बांबूत. गुरुवारी कमिटीत काय होईल ते मला दिसत होते. योगिताला हे सांगायचे कसे, याचे उत्तर मला पोर्तुगीजमध्ये नव्हते आणि मराठीतही नव्हते. ती मला विचारील की पगाराचे काय, आणि तिचे बरोबर असेल.

निघताना पिशवी हलकी करायला गेलो तेव्हा हाताला नारळ लागला. मी लक्ष्मीला म्हटले, पाट आण. तिला कळेना. पाट आणला, मी तो तिच्यापुढे मांडला आणि त्यावर नारळ ठेवला. ती मागे सरकली. ‘म्हाका कित्याक, मास्तर? म्हाका खंय वाचूंक येता?’ बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. दूर रस्त्यावर जीपचा आवाज आला, किरण माझ्या मागावर आला असावा. मी खाली वाकलो आणि नारळ फिरवून शेंडी तिच्याकडे केली.